'न्याय्य वाटा' कोणाचा? जितेंद्र पाध्ये यांच्या डेटा सेंटर नेटवर्किंगविषयक संशोधनाची चिकित्सा

गोषवारा

इंटरनेटवरील गर्दी-नियंत्रणाचे १९९८ मधील गणिती सूत्र येथपासून डेटा सेंटरसाठी २०१० व २०१५ मध्ये मांडलेल्या नियमांपर्यंत जितेंद्र पाध्ये व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाचा प्रवास झाला. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा आढावा घेऊन 'न्याय्य वाटा' ही संकल्पना त्यात कशी बदलत गेली याची चिकित्सा केली आहे. या संशोधनाचे तांत्रिक यश निर्विवाद आहे. मात्र ते एकाच मालकाच्या जाळ्याच्या गृहीतकावर उभे आहे. हे गृहीतक स्पष्ट केल्याशिवाय त्याचे मूल्यमापन व अध्यापन अपुरे राहते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

प्रस्तावना

कविता, कादंबरी किंवा इतिहासग्रंथ यांची समीक्षा करणे आपल्या विद्यापीठीय परंपरेला मान्य आहे. संगणकशास्त्रातील शोधनिबंधाची मात्र मराठीत फार तर ओळख करून दिली जाते. त्यात सूत्रे आणि आलेख असतात, तेव्हा समीक्षकाने तेथे करायचे काय, असा प्रश्न विचारला जातो. परंतु शोधनिबंधालाही गृहीतके असतात. त्यात कोणता प्रश्न महत्त्वाचा मानला, कशाचे मोजमाप केले आणि कोणत्या शब्दाला कोणता अर्थ दिला, याची निवड लेखकांनीच केलेली असते. ही निवड तपासणे हे समीक्षेचेच काम आहे.

या विषयाचा आपल्याशी संबंध दूरचा नाही. कफ परेडच्या मच्छीमार नगरात मासळी विकणाऱ्या बाईच्या पाटीशेजारी आज क्यूआर कोडचा फलक दिसतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेतून तिला मिळणारा प्रत्येक रुपया बँकांच्या डेटा सेंटरमधून फिरून तिच्या खात्यात येतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे आपली डेटा सेंटर सेवा सुरू केली. ॲमेझॉनची मुंबईतील सेवा २०१६ मध्ये आली. आपल्या महाविद्यालयांतील ईमेल, निकालपत्रे आणि ध्वनिचित्रफिती अशाच इमारतींत साठवल्या जातात. त्या इमारतींच्या आत माहितीची गर्दी कोणत्या नियमाने आवरली जाते, हे समजून घेण्याची गरज त्यामुळे केवळ अभियंत्यांपुरती उरलेली नाही.

पाध्ये यांच्या संशोधनाची निवड करण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले असे की, खुल्या इंटरनेटवरील आणि डेटा सेंटरमधील अशा दोन्ही टप्प्यांत त्यांचे नाव महत्त्वाच्या निबंधांवर आढळते. दुसरे असे की, 'फेअरनेस', म्हणजे न्याय्य वाटा, हा शब्द त्यांच्या निबंधांत वारंवार येतो आणि दर टप्प्यावर त्याचा आशय थोडा बदललेला असतो. येथे चर्चिलेले सर्व निबंध सामूहिक आहेत. त्यामुळे त्यांचे श्रेय वा मर्यादा एका व्यक्तीच्या माथी मारण्याचा येथे हेतू नाही.

१. सूत्राचा काळ : अनोळखी माणसांमधील शिस्त

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि जवळचेच बर्कली विद्यापीठ यांमधील जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून केवळ ४० बिटांपर्यंत घसरला. प्रत्येक संगणक हरवलेली पॅकेटे पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि त्यामुळे गर्दी आणखी वाढत होती. १९८८ मध्ये व्हॅन जेकबसन यांनी यावर उपाय मांडला. पॅकेट हरवले की पाठवणाऱ्याने आपला वेग निम्मा करावा आणि नंतर तो हळूहळू वाढवावा, असे त्याचे सार सांगता येईल. टीसीपी या नियमसंचाचा हा भाग झाला. येथे कोणी पोलीस नाही. प्रत्येकाने स्वतःहून माघार घ्यायची, एवढ्या सामंजस्यावर ही व्यवस्था उभी होती.

या शिस्तीतून एखाद्याला नेमका किती वेग मिळतो, या प्रश्नाला १९९८ च्या सिगकॉम परिषदेतील निबंधात पाध्ये, व्हिक्टर फिरोयू, डॉन टाउस्ली व जिम कुरोस यांनी उत्तर दिले. पॅकेटे हरवण्याचे प्रमाण आणि पॅकेट जाऊन पोच परत येण्यास लागणारा वेळ माहीत असेल, तर टीसीपीचा सरासरी वेग सांगणारे सूत्र त्यांनी मांडले. त्याआधीच्या सूत्रांत पॅकेट हरवल्याचे लगेच कळते असे मानले होते. प्रत्यक्ष मोजमापांवरून या लेखकांनी दाखवले की, बहुतेक वेळा पाठवणारा पोचेची वाट पाहत थांबतो आणि मुदत संपल्यावरच त्याला नुकसान कळते. ही थांबण्याची वेळ सूत्रात आल्यामुळे ते प्रत्यक्षाच्या बरेच जवळ गेले.

या सूत्राचा उपयोग केवळ भाकितापुरता राहिला नाही. २००० मध्ये सॅली फ्लॉइड, मार्क हँडली, पाध्ये व योर्ग विडमर यांनी त्याचे रूपांतर आचारनियमात केले. ध्वनी वा चित्रफीत पाठवणाऱ्या ज्या कार्यक्रमांना टीसीपीचे धक्के परवडत नाहीत, त्यांनी या सूत्राने येणाऱ्या वेगापेक्षा अधिक वेग घेऊ नये, अशी ती मांडणी होती. २००३ मध्ये ती इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजांत आली व २००८ मध्ये सुधारली गेली. या टप्प्यावर 'न्याय्य' म्हणजे 'शेजारच्या टीसीपी प्रवाहाइतके'. एकमेकांना न ओळखणाऱ्यांनी वापरायचा हा मापदंड होता.

हा मापदंडही निर्दोष नव्हता, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. सूत्रानुसार वेग हा फेरीच्या वेळेच्या व्यस्त प्रमाणात असतो. हरवण्याचे प्रमाण सारखे असूनही ज्याची फेरी चौपट लांब, त्याला वेग साधारण चौथा हिस्साच मिळतो. अमेरिकेतील सर्व्हरवरून माहिती घेणारा मुंबईचा विद्यार्थी तेथल्या स्थानिक विद्यार्थ्याच्या तुलनेत या नियमाने मागे राहणारच. 'न्याय्य' हा शब्द प्रवाहांमधील तुलनेचा आहे, माणसांमधील नव्हे. तरीही या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य होते. तिचा नियम जाहीर होता आणि कोणीही दुसऱ्याचा वेग मोजून तो पाळला जातो की नाही हे तपासू शकत होता.

२. भिंतींआडचे जाळे : डीसीटीसीपी

२०१० च्या सिगकॉम परिषदेत मोहम्मद अलीझादे, अल्बर्ट ग्रीनबर्ग, डेव्हिड माल्ट्झ, पाध्ये, बालाजी प्रभाकर आदी आठ लेखकांनी 'डेटा सेंटर टीसीपी' हा निबंध सादर केला. ही परिषद त्या वर्षी नवी दिल्लीत भरली होती. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या या संयुक्त कामासाठी सुमारे ६ हजार सर्व्हरांची महिनाभराची मोजमापे घेतली होती.

निबंधातील मूळ अडचण समजण्यासाठी आपल्या परिसरातील एक दृश्य उपयोगी पडेल. पहाटे मासेमारी होड्या ससून डॉककडे एकाच सुमारास परततात. एरवी धक्का मोकळा असतो. मात्र त्या थोड्या वेळात सगळ्यांनाच जागा हवी असते आणि लिलावाची वेळ कोणासाठी थांबत नाही. डेटा सेंटरमध्ये असेच घडते. आपण शोधयंत्रात एक शब्द टाकला की तो प्रश्न अनेक सर्व्हरांकडे वाटला जातो आणि सर्वांची उत्तरे जवळजवळ एकाच क्षणी एका सर्व्हरकडे परततात. त्या वाटेवरील स्विचमधील तात्पुरती साठवण, म्हणजे बफर, भरून जातो आणि काही पॅकेटे गळतात. यास 'इनकास्ट' म्हणतात. त्या जाळ्यात गर्दी नसताना एक फेरी सेकंदाच्या चार हजाराव्या भागाहूनही कमी वेळात पूर्ण होत असे; पॅकेट गळाल्यावर थांबण्याची किमान मुदत मात्र ३०० मिलिसेकंद होती. म्हणजे एक पॅकेट हरवले की हजाराहून अधिक फेऱ्यांइतका वेळ वाया जाई. त्यात भर म्हणजे मोठ्या प्रतींचे लांब प्रवाह तोच बफर व्यापून बसत आणि लहान उत्तरे त्यांच्या मागे अडकत.

बफर वाढवणे हा सहज सुचणारा उपाय होता. लेखकांनी तो नाकारला, कारण मोठ्या बफरमुळे रांगच लांबते. त्याऐवजी स्विचमधील रांग एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की तेव्हा येणाऱ्या पॅकेटांवर खूण करायची, असे त्यांनी सुचवले. सेकंदाला १ गिगाबिट वेगाच्या जोडणीसाठी ही मर्यादा २० पॅकेटे, तर १० गिगाबिटसाठी ६५ पॅकेटे ठेवली होती. खूण करण्याची सोय आधीपासून होती. नवे होते ते तिचे वाचन. जुना टीसीपी एकही खूण दिसली तरी वेग निम्मा करी. डीसीटीसीपी खुणांचे प्रमाण पाहतो. सातत्याने शंभरातील दहा पॅकेटांवर खूण येत असेल तर तो सुमारे पाच टक्के माघार घेतो. सर्वांवर खूण असेल तरच निम्म्यावर येतो. 'गर्दी आहे का' या प्रश्नाच्या जागी 'गर्दी किती आहे' हा प्रश्न येथे आला. लेखकांच्या मते यामुळे वेग तेवढाच राखून बफरचा वापर ९० टक्क्यांनी कमी झाला. स्विचवर फार ओझे न टाकता आणि पाठवणाऱ्याच्या प्रणालीत अगदी थोडा बदल करून हे साधले, हे या निबंधाचे खरे सौंदर्य आहे. विंडोज सर्व्हरच्या २०१२ च्या आवृत्तीत आणि २०१४ मध्ये लिनक्समध्ये ही पद्धत समाविष्ट झाली.

लेखकांचा प्रामाणिकपणाही उल्लेखनीय आहे. पाठवणारे इतके असतील की प्रत्येकाचे एक-दोन पॅकेटही बफरमध्ये मावणार नाही, तर आपली पद्धत निरुपयोगी ठरेल, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे.

३. थांबवण्याची किंमत : डीसीक्यूसीएन

पुढे डेटा सेंटरमध्ये एका यंत्राच्या स्मृतीतून दुसऱ्याच्या स्मृतीत, मधल्या कार्यप्रणालीला वगळून, थेट माहिती हलवण्याची रीत आली. त्यासाठी पॅकेट गळूच नये अशी सोय करावी लागली. बफर भरू लागला की स्विच मागच्या यंत्राला 'थांब' असा संदेश देतो. मात्र हा संदेश एका दोषी प्रवाहापुरता नसतो. त्या वाटेवरील त्या वर्गाचे सगळेच प्रवाह थांबतात. २०१५ मधील निबंधात पाध्ये व सहकाऱ्यांनी असे निरपराध प्रवाह कसे भरडले जातात हे दाखवले. 'थांब' म्हणण्याची वेळ शक्यतो येऊ नये म्हणून डीसीक्यूसीएन ही पद्धत त्यांनी मांडली. तिच्यात स्विच खूण करतो, घेणारा पाठवणाऱ्याला सूचना देतो आणि पाठवणाऱ्याचे नेटवर्क कार्डच वेग कमी करते.

२०१६ च्या निबंधात या वापराचा अनुभव नोंदवला आहे. एकच बिघडलेले कार्ड सतत 'थांब' म्हणत राहिले तर मोठ्या जाळ्याचा श्वास कसा कोंडतो, याचे वर्णन त्यात आहे. यशाइतकेच अपयश नोंदवणारा असा निबंध विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निबंधात पाध्ये व सहकाऱ्यांनी सिद्ध केले की, केवळ विलंब मोजून वेग ठरवणाऱ्या पद्धतीला समान वाटा आणि ठरावीक विलंब या दोहोंची हमी एकाच वेळी देता येत नाही.

४. चिकित्सा : संकल्पनेचे आकुंचन

येथवरचे विवेचन पाहता या संशोधनाच्या गुणवत्तेविषयी शंका उरत नाही. प्रश्न उरतो तो त्याच्या गृहीतकांचा.

पहिला मुद्दा पुराव्याचा. खुल्या इंटरनेटवरील मोजमाप कोणताही संशोधक पुन्हा करू शकतो. डीसीटीसीपीमागील मोजमाप मात्र एका कंपनीच्या यंत्रणेतले आहे. त्यातून निघालेले शोधयंत्राच्या वाहतुकीचे चित्र पुढील अनेक वर्षे इतर संशोधकांनी आपल्या पद्धती तपासण्यासाठी वापरले. एका कंपनीच्या एका महिन्यातील कामकाज अशा रीतीने संपूर्ण क्षेत्राचे प्रमाण झाले. दोष मूळ लेखकांचा नाही. परंतु ज्यांच्या हाती डेटा सेंटर आहे त्यांनाच प्रश्न ठरवता येतात, ही स्थिती ज्ञानव्यवहारासाठी चिंतेची आहे.

दुसरा मुद्दा सहजीवनाचा. डीसीटीसीपी कमी माघार घेतो, जुना टीसीपी जास्त घेतो. दोघे एकाच रांगेत आले की जुना मागे पडतो. म्हणूनच २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीसीटीसीपीविषयक इंटरनेट दस्तऐवजात, अधिकची तरतूद केल्याशिवाय ही पद्धत सार्वजनिक इंटरनेटवर वापरू नये असे बजावले आहे. ज्या संशोधकाच्या सूत्राने 'शेजाऱ्याइतकेच घ्या' हा नियम दिला, त्याच्याच पुढील कामाला भिंतीबाहेर येण्यास मनाई करावी लागली. यात विसंगती नाही, कारण भिंतीच्या आत शेजारी नसतोच. सर्व यंत्रे एका मालकाची असतात. 'न्याय्य वाटा' तेथे नैतिक बंधन न राहता मालकाच्या कार्यक्षमतेचा एक निकष होतो.

धक्क्याचे वर सांगितलेले उदाहरण येथेच अपुरे पडते, आणि ते का पडते हे पाहण्यासारखे आहे. धक्क्यावरील होड्या वेगवेगळ्या मालकांच्या असतात. आधी कोण लागणार हे तांडेलांच्या आपसांतील समजुतीने, प्रसंगी भांडणानेही ठरते. त्या भांडणात प्रत्येकाला बोलण्याचा अधिकार असतो. डेटा सेंटरमधील प्रवाहाला असा अधिकार नाही, आणि त्या प्रवाहामागच्या माणसाला तो प्रवाह आहे हेही ठाऊक नसते.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. भिंतीच्या आत अनेक परस्परविरोधी हितसंबंध आले तर काय होते? याचे उदाहरण मुंबईतच आहे. राष्ट्रीय शेअर बाजाराने २०१० च्या सुमारास दलालांना आपल्या डेटा सेंटरमध्ये स्वतःचे सर्व्हर ठेवण्याची सोय दिली. सौद्यांची क्षणोक्षणीची माहिती तेव्हा टीसीपी जोडण्यांवरून एकामागून एक ग्राहकाला पाठवली जाई. साहजिकच सर्व्हरशी आधी जोडला गेलेल्याला ती आधी मिळण्याची शक्यता होती. २०१४ मध्ये ही माहिती सर्वांना एकत्र प्रसारित करण्याची पद्धत आली. एप्रिल २०१९ मध्ये सेबीने बाजाराला ६२४.८९ कोटी रुपये व त्यावरील व्याज भरण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने ती वसुली रद्द केली. मात्र पुरेशी दक्षता न घेतल्याबद्दल १०० कोटी रुपये भरण्यास सांगितले. संगनमताचा आरोप पुराव्याअभावी सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये वगळला.

या प्रकरणातील दोषारोपांचा निवाडा हा आपला विषय नाही. आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे ती तांत्रिक बाब. येथे प्रत्येक जोडणीला पुरेसा वेग मिळत असेल, एकही पॅकेट गळत नसेल, रूढ अर्थाने वाटा समानही असेल. तरी क्रमामुळे अन्याय संभवतो. न्याय्य वाट्याचे जे मोजमाप या संशोधनपरंपरेत प्रस्थापित झाले, त्याला हा अन्याय दिसतच नाही. वाटा किती, एवढेच ते विचारते. आधी कोण आणि हे कोणी ठरवले, हे प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

५. एक प्रतिवाद

याला एक सबळ प्रतिवाद आहे. जानेवारी २०२३ मध्ये 'एलफोरएस' या नावाने प्रसिद्ध झालेल्या दस्तऐवजांनी डीसीटीसीपीची कल्पना सार्वजनिक इंटरनेटवर आणण्याचा मार्ग दाखवला. राउटरमध्ये दोन रांगा ठेवायच्या. एक जुन्या प्रवाहांची आणि एक तत्पर खुणा वाचणाऱ्या नव्या प्रवाहांची. दोहोंमधील खुणांचे प्रमाण अशा रीतीने जोडायचे की नव्यांनी जुन्यांचा वाटा खाऊ नये. म्हणजे भिंतीआड जन्मलेले तंत्र भिंतीबाहेर येऊ शकते. प्रस्तुत लेखकाला हा प्रतिवाद मान्य आहे, किंबहुना त्यातूनच मूळ मुद्दा स्पष्ट होतो. तंत्र बाहेर आणताना शेजाऱ्याचा विचार वेगळा, जाणीवपूर्वक आणि जाहीर दस्तऐवजात करावा लागला. तो डीसीटीसीपीमध्ये आपोआप नव्हता.

समारोप

संगणक नेटवर्किंगच्या वर्गात आपण बहुधा टीसीपीच्या निम्म्या माघारीपाशी थांबतो. काही ठिकाणी डीसीटीसीपीचे सूत्र शिकवले जाते, पण ते कोणत्या जागी लागू आहे हे शिकवले जात नाही. पाध्ये व सहकाऱ्यांचे १९९८, २०१० आणि २०१५ मधील निबंध एकामागून एक वाचल्यास विद्यार्थ्याला तंत्रातील प्रगती तर दिसेलच. शिवाय सामायिक जाळ्याकडून खासगी जाळ्याकडे झालेले स्थित्यंतरही दिसेल. हे वाचन गणिताच्या वर्गात होऊ शकते, तसे अर्थशास्त्राच्या आणि विधीच्या वर्गातही होऊ शकते. प्रत्येक निबंधाला तीन प्रश्न विचारावेत, असे सुचवावेसे वाटते. येथे वाटा कशाचा मोजला आहे? तो कोणाकोणांत वाटला आहे? आणि ज्याला कमी मिळाले, त्याला ते कळण्याचा काही मार्ग आहे का?

मच्छीमार नगरातील विक्रेतीच्या फोनवर पैसे जमा झाल्याचा संदेश कधी लगेच येतो, कधी उशिरा. तो उशीर कोणत्या रांगेत झाला हे तिला सांगता येणार नाही, आणि तिच्या शेजारी राहणाऱ्या प्राध्यापकालाही सांगता येत नाही. या संशोधनाचे मोठेपण मान्य करूनही ही अपारदर्शकता आपण समीक्षेचा विषय मानली पाहिजे.